कधी एका चावीत चालू, कधी नुसतं टक : जुन्या डिझेल गाडीचं करू काय? (पुणे)

धायरीकर | मंगळवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय, राग मानू नका.

गाडी २०११ ची डिझेल हॅचबॅक, १.३ लिटर, कॉमनरेल. एक लाख अडुसष्ट हजार किमी झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद त्यावरच पडतील. पहिल्यापासून मीच वापरतोय, ऑइल वेळच्या वेळी, अपघात नाही, सोसायटीत उघड्यावर लागते.

प्रॉब्लेम असा की गाडी कधीकधी चालू होत नाही. आणि कधीकधी म्हणजे खरंच कधीकधी. दहा दिवस एका चावीत चालू आणि अकराव्या दिवशी ऑफिसला निघताना नुसतं टक. परत चावी फिरवली की परत टक. असं पाच-सहा वेळा केलं की काही झालंच नाही अशा थाटात चालू होते. आणि मागच्या महिन्यात वाईला चाललो होतो, खंबाटकी चढून उतरलो, सुरूर फाट्याला चहाला थांबलो, पंधरा मिनिटांनी येऊन बघतो तर सेल्फ मारतोय, मारतोय, मारतोय, गाडी उचलायला तयार नाही. सासूबाई मागच्या सीटवर. अर्ध्या तासाने आपोआप चालू झाली.

आतापर्यंत केलेलं : जानेवारीत नवीन बॅटरी, मग डिझेल फिल्टर, मग चारही हीटर प्लग (थंड इंजिन चालू करताना आत तापतात ते). फरक शून्य. गॅरेजला नेली की शहाण्या मुलासारखी वागते. एका ठिकाणी स्कॅनर लावला, म्हणाले चालू करताना रेल प्रेशर (इंजेक्टरना मिळणाऱ्या डिझेलचा दाब) कमी पडतंय, हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर उतरवावे लागतील, बावन्न हजाराचं एस्टिमेट हातात दिलं. दुसरे म्हणाले सेल्फ बदला. तिसरे म्हणाले साहेब विकून टाका.

अजून रिपासिंगचं (नोंदणी पुन्हा करून घ्यायचं) पण बघायचंय, त्यामुळे उगाच पैसे घालायची इच्छा नाही. आणि गणपतीला गावी जायचंय ते याच गाडीने. काय करू?

शंकासुर | मंगळवार, रात्री ११:०४

तिसऱ्या गॅरेजला +१.

गुळपोळी | मंगळवार, रात्री ११:२०

डिझेलमध्ये पाणी असणार हो, पावसाळा आहे. पेट्रोल पंप बदलून बघा. आणि टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

आजीचीस्कूटी | बुधवार, सकाळी ७:१५

टक एकच होतं का टकटकटकटक असं होतं? दोन्हीत फरक आहे. माझ्या गाडीत टकटकटक व्हायचं तर ते बॅटरी उतरलेली असायची म्हणून, आणि बॅटरी उतरायची ती बाहेरून बसवलेल्या स्टिरिओमुळे, तो गाडी बंद केल्यावर पण झोपायचा नाही. चार महिने गेले ते कळायला.

अजून एक, डॅशबोर्डच्या कप्प्यात वही ठेवा. चालू झाली नाही की तिथल्या तिथे लिहायचं : किती वाजता, किती चालवून आणली होती, किती वेळ बंद होती, पाऊस होता का, आवाज कसा आला. घरी येऊन लिहिलं की आपण आपल्याला हवं ते लिहितो.

ग्रीसकाका | बुधवार, सकाळी ९:४०

धायरीकर, तुम्ही एका धाग्यात दोन आजार लिहिलेत आणि दोन्हीला एकच नाव दिलंय. "चालू होत नाही" हे काही निदान नाही. सेल्फ लागतच नाही, का सेल्फ व्यवस्थित फिरवतोय पण इंजिन पकडत नाही? सोसायटीतलं टक हा पहिला प्रकार. सुरूर फाटा दुसरा. गॅरेजवाल्यांनी दोघांची भेळ केली आणि तुम्ही पण.

मी खडकीला इंजिनच्या कारखान्यात टेस्ट बेडवर बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या. डिझेलला स्पार्क नसतो. हवा सतरा-अठरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेल फवारलं की पेट घेतं. पण हे दाबणं झटक्यात व्हायला हवं. सावकाश दाबलं तर उष्णता सिलिंडरच्या भिंतीत निघून जाते आणि पिस्टनच्या रिंगांमधून हवा पण सटकते. विहिरीवरचं किर्लोस्कर इंजिन ज्यांनी हँडल मारून चालू केलंय त्यांना हे शिकवायला नको. आधी लिव्हर उचलून कॉम्प्रेशन मोकळं करायचं, चाक गरगर फिरवायचं, वेग आला की लिव्हर सोडायची, मग भक् भक् भक्. वेग येण्याआधी लिव्हर सोडली तर हँडल अडतं, मनगट दुखतं आणि इंजिन हसतं.

तुमच्या कॉमनरेलला तर वेगाची गरज दुप्पट आहे. पंप इंजिनवरच फिरतो, इंजिन मंद फिरलं की रेलमध्ये प्रेशर येत नाही, आणि ठरावीक प्रेशर आल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडत नाही. म्हणजे स्कॅनरवर "प्रेशर कमी" दिसलं ते खरंच असेल, पण ते पंप गेला म्हणून, का सेल्फ रडतरडत फिरला म्हणून? हे कोणी तपासलं का? बावन्न हजार या एका प्रश्नावर अडकलेत.

आता दोन गोष्टी सांगा. एक, टक होतं तेव्हा हेडलाइट लावून बघा, मंद होतात का तसेच राहतात? दोन, घरात मल्टिमीटर आहे का?

नानापेठी | बुधवार, दुपारी १:१०

काका बरोबर बोलले पण एवढं पुराण कशाला. एकच टक म्हणजे सोलेनॉइड, सेल्फला करंट देणारा त्याच्यावरचाच स्विच. आत तांब्याचे दोन काँटॅक्ट असतात, त्यावर चकती येऊन बसते, वर्षानुवर्षं ठिणगी खाऊन काँटॅक्टला खड्डे पडतात, एका जागी बसली तर करंट जातो, जरा सरकून बसली तर नाही जात. म्हणून कधी लागतो कधी नाही. आमच्याकडे नाना पेठेत रोज दोन-तीन सेल्फ येतात असे. काँटॅक्ट आणि कार्बन ब्रश बदलून, ग्रीस करून परत. अख्खा नवीन सेल्फ घ्यायची गरज नसते बहुतेक वेळा, हे पण सांगून ठेवतो.

पॅडलशिफ्टर | बुधवार, दुपारी २:३५

इमोबिलायझर कोणी विचारात घेतलाच नाही. चावीतली चिप वाचली नाही तर बऱ्याच गाड्यांत सेल्फ फिरतो पण इंजेक्शन बंद असतं. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय का बघा. दुसरी चावी असेल तर आठवडाभर ती वापरा, फुकट टेस्ट आहे.

शंकासुर | बुधवार, दुपारी २:४१

दुसरी चावी पुण्यात कोणाकडे सापडते? ती "नीट ठेवलेली" असते.

धायरीकर | बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. दुसरी चावी खरंच "नीट ठेवलेली" आहे, बायको शोधतेय.

आजीचीस्कूटी, एकच टक, घट्ट आवाजाचं. वही ठेवली.
काका, आज सकाळी पाऊस होता आणि नेमकं टक झालं (आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं). हेडलाइट लावून बघितले, अजिबात मंद होत नाहीत, लखलखीत. मल्टिमीटर मुलाच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला आहे, पिवळा, स्वस्तातला.

ग्रीसकाका | बुधवार, रात्री १०:१५

स्वस्तातला चालेल. दिवे मंद होत नाहीत म्हणजे बॅटरीतून सेल्फकडे करंट निघतच नाहीये. बॅटरी मेलेली असती किंवा सेल्फ आत जाम असता तर दिवे झोपले असते. म्हणजे रस्ता कुठेतरी तुटलाय. एकतर नानापेठी म्हणतात तसे सोलेनॉइडचे काँटॅक्ट, किंवा केबल, किंवा अर्थिंग, म्हणजे इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा परतीचा रस्ता. आणि सेल्फ उतरवायच्या आधी हे तिन्ही मीटरने वेगळे करता येतात.

मीटर डीसी २० व्होल्टवर. घरातल्या कोणाला तरी चावी मारायला बसवा, न्यूट्रल, हँडब्रेक, पंख्याच्या पट्ट्यात ओढणी-बाही जाणार नाही असे उभे राहा.

पहिलं, बॅटरीच्या दोन टोकांवर. गाडी रात्रभर बंद असेल तर १२.५-१२.६ हवं. सेल्फ फिरताना ९.६ च्या खाली जाता कामा नये.
दुसरं, हे महत्त्वाचं. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खुंटीवर. लाल पिन इंजिनच्या एखाद्या उघड्या बोल्टवर, रंग-गंज नसलेल्या. आता सेल्फ मारा. आदर्श शून्य, ०.२-०.३ पर्यंत चालून जाईल. त्याहून जास्त जे काही येईल तेवढे व्होल्ट अर्थिंगची पट्टी वाटेत खातेय.
तिसरं, लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, काळी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत हवं. हात घालताना त्या बोल्टचा पाना-बिना बॉडीला लागू देऊ नका, तिथे कायम बारा व्होल्ट असतात आणि फ्यूज नसतो, पाना वेल्ड होईल.

हे गाडी बरी असताना एकदा करा आणि टक होईल तेव्हा परत करा. ताप नसताना थर्मामीटर लावून काय कळणार?

कर्वेरोडी | गुरुवार, सकाळी ८:०५

वाचनखूण साठवली. माझ्या जीपला हे काहीच लागत नाही, जुना मेकॅनिकल पंप, त्यावरच्या स्टॉप सोलेनॉइडला एक वायर बारा व्होल्ट दिली की झालं, बॅटरीत सेल्फ फिरवण्याइतका जीव नसेल तर पर्वतीच्या उतारावरून ढकलून चालू.

धायरीकर | शनिवार, सकाळी ११:२०

अहवाल.

शुक्रवारी, गाडी बरी असताना : बॅटरी १२.५५. सेल्फ फिरताना १०.४. इंजिन आणि निगेटिव्हमध्ये ०.७. पॉझिटिव्ह बाजूला ०.३.

आज सकाळी, रात्रभर पाऊस, टक : इंजिन आणि निगेटिव्हमध्ये ६.८!! मला वाटलं मीटर बिघडला, परत बघितलं, ७.१. बायको आतून विचारतेय काय झालं, मी नुसताच मीटरकडे बघत उभा.

म्हणजे बॅटरी मी उगाचच बदलली ना?

ग्रीसकाका | शनिवार, दुपारी १२:००

उगाच बदलली. आणि सेल्फ, सोलेनॉइड दोघंही निर्दोष सुटलेत निदान या गुन्ह्यातून. बारातले सात व्होल्ट अर्थच्या पट्टीतच संपले तर सेल्फने फिरायचं कशावर? आणि बरी असताना जे ०.७ दिसलं तेही बरं नव्हतंच. तेवढ्यावर इंजिन फिरतं पण आळसटून.

आता खात्री करून घ्या, एक पैसा न घालता. जंपर केबल असेल तर फक्त काळी केबल घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या लिफ्टिंग हुकला किंवा जाड ब्रॅकेटला. सेल्फ मारा. लगेच गरगर फिरलं तर पट्टीवर शिक्कामोर्तब.

धायरीकर | शनिवार, दुपारी १२:४५

काका!!! भर्रर्र!! नवीन असताना पण अशी फिरत नव्हती.

धायरीकर | रविवार, संध्याकाळी ६:१०

आज सोसायटीतच बॅटरी आणि खालचा ट्रे काढला. ट्रेखाली चिखल, पिंपळाची पानं, एक शेंगदाण्याची पुडी (उंदीर असावा). गिअरबॉक्सपासून चॅसीला येणारी विणलेली पट्टी तिथेच खाली. वरून बघितलं तर ठीक वाटत होती, बोल्ट पण घट्ट. पण जिथे पट्टी टोकाच्या चकतीत दाबून बसवलेली असते तिथे हिरवट-पांढरं पीठ धरलेलं, आणि बोटाने जरा वाकवली तर अर्ध्याहून जास्त तारा तुटून हातात आल्या. उरलेल्या पाच-सहा तारांवर गाडी चालली होती. पाऊस आला की पीठ ओलं व्हायचं आणि टक.

तीन गॅरेज, एकानेही ट्रे उचलला नव्हता. बोल्टांवर २०११ ची धूळ होती.

नाना पेठेतून त्याच लांबीची पट्टी आणली, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतली, सगळं मिळून सहाशे रुपये. आता सेल्फ फिरताना ०.१२ येतंय.

नानापेठी | रविवार, रात्री ८:३०

बसवायच्या आधी दोन्ही जागा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केल्या का? रंगावर बोल्ट आवळला तर वर्षभरात परत याल. घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीन लावा, आधी नाही. आणि काका जिंकले हे मान्य, पण एक लाख सत्तर हजारला सेल्फचे कार्बन एकदा बघून घ्याच, माझं ऐका.

गुळपोळी | रविवार, रात्री ९:००

चला, धागा सुफळ संपूर्ण.

ग्रीसकाका | रविवार, रात्री ९:२०

थांबा की. सुरूर फाटा राहिलाय. तिथे सेल्फ फिरत होता.

पॅडलशिफ्टर | सोमवार, सकाळी १०:३०

हो तेच लिहायला आलो. अर्थिंगमुळे गरम असताना सेल्फ मंद फिरला आणि प्रेशर आलं नाही हे शक्य आहे, गरम तारेचा रेझिस्टन्स वाढतो. तसं असेल तर तेही गेलं. पण धायरीकर म्हणतायत "मारतोय मारतोय", आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू. हे ऐकलं की माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर.

तो इंजिन कुठल्या कोनात आहे ते ईसीयूला सांगतो. तो गप्प बसला तर ईसीयूच्या लेखी इंजिन फिरतच नाहीये, मग डिझेल कशाला देईल? आतली बारीक तारेची कॉइल जुनी झाली की तापल्यावर तुटते आणि गार झाली की टोकं परत जुळतात. आणि ती कॉइल गाडी चालू असताना नाही, बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी जास्त तापते, कारण पाणी फिरायचं थांबतं, समोरून वारा नाही, आणि इंजिनची सगळी धग बॉनेटखाली कोंडते. घाट चढून चहाला थांबणं म्हणजे त्याला आयतं निमंत्रण.

दुसरा संशयित इंजेक्टर. आतून झिजले की डिझेल रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत, पळतं, गरम डिझेल पातळ असतं म्हणून गरम असतानाच जास्त. पण ते असं अचानक होऊन अचानक बरं होत नाही, आधी दोन सेकंद मारावा लागतो, मग चार, मग आठ, असं महिनोन्‌महिने वाढत जातं. त्याची टेस्ट सोपी आहे, चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं आयडल ठेवायचं, एखादी बाटली बाकीच्यांच्या पुढे भरली तर चोर सापडला. गॅरेजवाल्याकडून करून घ्या, पंप उतरवायच्या आधी.

आजीचीस्कूटी | सोमवार, सकाळी ११:१५

आणि डिझेलची लाइन हवा धरत असेल तर? आमच्या आधीच्या गाडीत फिल्टर बदलल्यावर ओ-रिंग नीट बसली नव्हती, रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरायचं. नाक वर करून चढावर लावली की हमखास.

ग्रीसकाका | सोमवार, दुपारी १२:३०

आजीचीस्कूटी, बरोबर, फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा टाकला की बुडबुडे दिसतात. पण हवा धरणारी गाडी सकाळी त्रास देते, पंधरा मिनिटांच्या चहाने नाही. म्हणून ती शेवटच्या बाकावर.

धायरीकर, आता फक्त वाट बघायची. आणि आजपासूनच रोज सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघायची सवय करा. बऱ्याच गाड्यांत काटा सेल्फवर दोन-अडीचशेला जरा हलतो, काहींत नाही हलत. तुमचा बऱ्या दिवशी हलतो का ते आधी माहीत हवं, तरच आजारी दिवशी हलला नाही याला अर्थ.

आणि एक कळकळीने सांगतो. जुने मिस्त्री हवा काढायला इंजेक्टरची नळी सैल करून सेल्फ मारायचे. कॉमनरेलला हे अजिबात करायचं नाही. आयडलला पण शेकडो बार असतात त्या नळीत, पूर्ण लोडवर हजाराच्या वर. ती बारीक धार कातडीतून आत जाते, वरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत डिझेल पसरतं, हात गमावलेले लोक आहेत. असं झालं तर "दुखत नाहीये" म्हणून घरी बसू नये, तडक हॉस्पिटल. आणि तो इथरचा स्टार्टिंग स्प्रे हीटर प्लगवाल्या गाडीत मारू नका, भडका उडतो, मॅनिफोल्ड फुटतं.

शंकासुर | सोमवार, दुपारी १२:५२

मी पण काटा बघायला लागलोय. माझी पेट्रोल आहे आणि तिला काही झालेलं नाही.

पॅडलशिफ्टर | सोमवार, दुपारी १:२०

ब्लूटूथवाला ओबीडी डाँगल (गॅरेजच्या स्कॅनरचा छोटा भाऊ, गाडीच्या सॉकेटला लावायचा) घेऊन ठेवा, हजाराच्या आत येतो. फोनवर आरपीएम आणि बहुतेक गाड्यांत रेल प्रेशर पण दिसतं. रस्त्यात अडकलात की स्क्रीन रेकॉर्ड करा. इंजिन कानाने फिरताना ऐकू येतंय आणि फोन शून्य आरपीएम म्हणतोय, असं झालं तर सेन्सर किंवा त्याची वायर. आरपीएम येतोय पण प्रेशर चढत नाही, तर डिझेलची बाजू. दोन्ही येतंय तरी चालू नाही, तर कुलपाचं चिन्ह बघा.

धायरीकर | सोमवार, रात्री १०:००

डाँगल मागवला. काटा हलतो, साधारण अडीचशे. दुसरी चावी सापडली, फ्रिजवरच्या बरणीत.

धायरीकर | चार आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ११:४०

मंडळी, चार आठवडे गाडी लोण्यासारखी चालू होत होती, धो धो पावसात पण. एकही टक नाही. मी तर धागा विसरलो होतो.

आज भोरहून येताना खेड शिवापूरला जेवायला थांबलो. वीकेंडची गर्दी, टोलच्या आधी अर्धा तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, इंजिन चांगलं तापलेलं. जेवून येऊन चावी मारली, सेल्फ एकदम जोरात, गाडी नाही. परत, नाही. पोटात गोळा आला पण या वेळी जरा आनंद पण झाला, बायको म्हणाली हसतोयस काय.

काटा मेलेला. जागचा हलत नाही. कुलपाचं चिन्ह नॉर्मल, लागून विझतंय. दुसऱ्या चावीनेही तेच. डाँगल लावला, इंजिन घर्रर्र फिरतंय आणि फोनवर आरपीएम ०. रेकॉर्ड केलं.

मग वाचलं होतं कुठेतरी म्हणून, बॉनेट उघडून पिण्याच्या पाण्यात रुमाल बुडवून पिळला आणि सेन्सरवर दाबून धरला. आमच्या गाडीत तो खाली पुलीच्या बाजूला आहे, हात घालायला अवघड, चावी काढून खिशात ठेवली होती. पाच मिनिटं, परत बुडवून परत पाच मिनिटं. हॉटेलचा वॉचमन टॉर्च धरून उभा, विचारतोय साहेब ताप आलाय का गाडीला. चावी मारली, काटा उठला, गाडी चालू.

थेट घरी आलो, मध्ये बंद केली नाही.

पॅडलशिफ्टर | रविवार, रात्री ११:५५

येस्स्स. वॉचमनला डिप्लोमा द्या.

नानापेठी | सोमवार, सकाळी ९:१०

सेन्सर ओरिजिनलच घ्या, यात डुप्लिकेट घेऊ नका, निम्मे आल्याआल्याच तापून मरतात. आणि बदलायच्या आधी कनेक्टर आणि वायर हलवून बघायला सांगा, कधीकधी पुलीजवळ वायर घासून तुटलेली असते आणि नवीन सेन्सरने पण तेच होतं.

ग्रीसकाका | सोमवार, सकाळी ९:४५

आणि जुना काढलाच आहे तर फेकायच्या आधी मीटरने ओहम बघा, गार असताना एकदा आणि हेअर ड्रायरने तापवून एकदा. दोन पिनचा असेल तरच, तीन पिनचा असेल तर तो बहुधा हॉलवाला, म्हणजे कॉइलऐवजी आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला, त्याला मीटर लावण्यात अर्थ नाही.

धायरीकर | बुधवार, रात्री ९:१५

वायर ठीक होती. सेन्सर बदलला, मजुरी धरून दोन हजार एकशे.

जुना दोन पिनचाच निघाला. गार असताना साडेआठशेच्या आसपास ओहम. बायकोचा ड्रायर लावला, नऊशे, साडेनऊशे, आणि मग एकदम मीटरवर डावीकडे नुसता १, म्हणजे सर्किट तुटलं. ड्रायर बंद केला, तीन-चार मिनिटांनी परत नऊशे. मुलाला बोलावून दाखवलं, त्याने तीनदा करायला लावलं.

इंजेक्टरची बाटल्यांची टेस्ट पण करून घेतली एकदाची, चारही जवळजवळ सारख्या भरल्या. बावन्न हजारवाल्यांना फोन करावा असं मनात आलं होतं, नाही केला.

आजीचीस्कूटी | बुधवार, रात्री ९:४०

वहीतल्या नोंदी काय म्हणतात मग?

धायरीकर | बुधवार, रात्री १०:०५

तेच बघितलं आत्ता. धागा काढल्यापासून टक दोनदा, दोन्ही पावसाच्या सकाळी. गरमचं एकदाच. मागचे जेवढे आठवले तेवढे मेसेज-फोन बघून लिहून काढले, तर टक पाचपैकी चार वेळा पावसात किंवा गाडी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि गरमचे तिन्ही वेळा आधी घाट नाहीतर ट्रॅफिक, आणि दहा ते वीस मिनिटांचा थांबा. एवढं समोर होतं आणि मी बॅटरीच्या दुकानात उभा होतो.

शंकासुर | बुधवार, रात्री १०:१०

आणि सासूबाई?

धायरीकर | गणपतीनंतर, मंगळवार, रात्री ८:५०

गावी जाऊन आलो. सासूबाई होत्या. सुरूर फाट्याला मुद्दाम थांबलो, वीस मिनिटं. एका चावीत. सासूबाई या वेळी थर्मास भरून घेऊन आल्या होत्या, काही बोलल्या नाहीत, पण थर्मास होता.

काका, एक शेवटचं. आधी बदललेले चार हीटर प्लग गॅरेजवाल्याने जुन्या डब्यात घालून परत दिले होते. ते खराब होते का हे कळेल का?

ग्रीसकाका | मंगळवार, रात्री ९:३०

कळेल की. जुलैत पुण्यात हीटर प्लगमुळे गाडी अडत नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. जानेवारीत पहाटे दहा अंश असतात तेव्हा फार तर जरा थरथरेल, पांढरा धूर टाकेल. मीटर सगळ्यात खालच्या ओहमवर ठेवा. आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून काय येतं ते लिहा, तेवढं पिनांचंच असतं, ते वजा करायचं. मग एक पिन प्लगच्या टोकावर, एक आट्यांवर. एक ओहमच्या आतबाहेर आलं तर चांगला, काहीच आलं नाही तर तुटलेला.

धायरीकर | मंगळवार, रात्री १०:०५

पिना ०.३. प्लग १.१, १.०, १.१, १.१.

म्हणजे चारही चांगले होते.

ग्रीसकाका | मंगळवार, रात्री १०:१२

डिकीत ठेवा.